लाँड्रीच्या गाळ्यातील हवेचा जमाखर्च

मुंबईचा धोबी म्हटला की आजही महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या त्या घाटावर दगड होते, पाणी होते आणि मुख्य म्हणजे वर मोकळे आकाश होते. कपडे सुकविण्यासाठी ऊन आणि वारा ही दोन साधने निसर्ग फुकट पुरवीत असे, त्यामुळे हवेचा हिशेब ठेवण्याची वेळ कोणावर आली नाही. आता हा व्यवसाय फार मोठ्या प्रमाणावर घाटावरून गाळ्यात आला आहे. अंधेरी पूर्वेच्या मरोळ औद्योगिक वसाहतीतील गाळे, साकीनाक्याच्या गल्ल्या, घाटकोपर आणि मुलुंडच्या स्टेशनांलगतची दुकाने, बोरिवलीच्या नव्या टॉवरांचे तळमजले, सर्वत्र काचेचा दर्शनी भाग आणि मागे गरगरणारी यंत्रे असलेल्या लाँड्र्या दिसतात. विमानतळाजवळच्या हॉटेलांच्या चादरी, रुग्णालयांचे कपडे, ब्यूटी पार्लर व व्यायामशाळांचे टॉवेल आणि दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांचे रोजचे कपडे हे या लाँड्र्यांचे मुख्य काम.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबांचा या व्यवसायाशी कोठे ना कोठे संबंध येतो. कोणाचा गाळा लाँड्रीला भाड्याने दिलेला असतो, कोणाच्या चिरंजीवांनी किंवा सुनेने एखाद्या साखळीची फ्रँचायझी घेतलेली असते, तर तयार कपड्यांच्या व्यापारात असलेल्यांना माल बाजारात जाण्यापूर्वी धुऊन व सुकवून घ्यावा लागतो. बँकेतील नोकरीच्या काळात अशा उद्योगांचे कर्जप्रस्ताव मी तपासले आहेत. यंत्रांची कोटेशने, वीजभार, गॅसजोडणी, भाडेकरार, विमा, सर्व कागद व्यवस्थित असत. मात्र ड्रायरला हवा कोठून मिळणार, या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद क्वचितच एखाद्या फाइलमध्ये सापडे. यंत्र विकणारा धूर आणि वाफ बाहेर नेणाऱ्या डक्टविषयी बोलतो, कारण तो डक्ट त्याला विकायचा असतो. हवा आत येण्यासाठी भिंतीत ठेवावयाच्या भोकात त्याचा काहीच नफा नसतो.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. ड्रायर कपडे 'भाजत' नाही. तो खोलीतील हवा ओढून घेतो, गॅसच्या ज्योतीवर, विजेच्या कॉइलवर किंवा वाफेच्या नळ्यांवर ती तापवितो, फिरत्या पिंपातील ओल्या कपड्यांतून ती जाऊ देतो आणि ओलावा घेतलेली हवा पंख्याने बाहेर फेकतो. पाणी वाहून नेण्याचे काम हवा करते, उष्णता फक्त त्या हमालाची ताकद वाढविते. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, आणि ७० अंशांवर हीच क्षमता २०० ग्रॅमच्या घरात जाते. म्हणूनच जुलै महिन्यात दोरीवरचा शर्ट दोन दिवस वाळत नाही, पण ड्रायरमध्ये वाळतो. बाहेरची हवा दमट असली तरी ती तापली की तिच्यात पुष्कळ जागा होते.

आता थोडे आकडे मांडतो. साधारण २० किलो क्षमतेचा ड्रायर घ्या. हायड्रोमधून पिळून काढलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरते, म्हणजे २० किलो कपड्यांत सुमारे १० लिटर. अशा आकाराच्या यंत्राचा पंखा मिनिटाला सुमारे १८ घनमीटर हवा बाहेर फेकतो. ३५ मिनिटांची एक फेरी धरली तर ६३० घनमीटर हवा झाली. वजनात सांगायचे तर २० किलो कपडे सुकविण्यासाठी ७०० किलोंहून अधिक हवा त्या गाळ्यातून वाहते. दहा फूट बाय पंधरा फूट आणि नऊ फूट उंचीच्या दुकानात एकूण हवा मावते ती ३८ घनमीटर. म्हणजे एकटा ड्रायर जवळपास दर दोन मिनिटांनी संपूर्ण दुकान रिकामे करीत असतो, आणि एका फेरीत सोळा दुकाने भरतील एवढी हवा बाहेर टाकतो. तीन ड्रायर एकदम चालू असतील तर ४५ सेकंदही पुरत नाहीत.

बाहेर जेवढी हवा गेली तेवढीच आत आली पाहिजे, हा जमाखर्चाचा नियम येथे कोणालाही चुकविता येत नाही. हिशेबाच्या वहीत नावे आणि जमा यांचा मेळ बसला नाही तर निदान वर्षअखेरीपर्यंत तो झाकून ठेवता येतो. हवेचा मेळ तत्क्षणीच बसतो, फक्त तो कोणत्या वाटेने बसावा हे आपण ठरविले नसेल तर हवा ते स्वतः ठरविते. शटरच्या फटीतून, शौचालयाच्या खिडकीतून, गटाराच्या जाळीतून, शेजारच्या उपाहारगृहाच्या भिंतीतील भेगेतून ती येते. तेवढ्यानेही भागले नाही तर गाळ्यातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि ड्रायरच्या पंख्याला हवाच मिळेनाशी होते.

याची लक्षणे ओळखणे अवघड नाही. दुकानाचा काचेचा दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडताना जड लागतो आणि सोडला की आपटून बंद होतो. दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरली तर ती आत ओढली जाते. कपडे सुकायला पूर्वी ३५ मिनिटे लागत, तेथे ५० लागतात, मग सत्तर. ड्रायरची काया हात लावू नये इतकी तापते, तापमान मर्यादेबाहेर गेले की गॅस किंवा वीज तोडणारे संरक्षक साधन पुन्हा पुन्हा यंत्र बंद पाडते. लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा सूक्ष्म तंतूंचा भुगा, जाळीपर्यंत न पोहोचता यंत्राच्या पोटात आणि पाठीमागे साचतो. सर्वांत सोपी परीक्षा अशी : कपड्यांची एक फेरी नेहमीप्रमाणे दार बंद ठेवून सुकवा, तेवढेच व तसेच कपडे दुसऱ्या फेरीत मागचे-पुढचे दार उघडे ठेवून सुकवा. दुसऱ्या फेरीत स्पष्ट फरक पडला तर दोष यंत्रात नाही, गाळ्यात आहे. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही, तरी तंत्रज्ञाला बोलावून कॉइल किंवा बर्नर बदलून घेण्याकडेच मालकांचा कल असतो.

येथे एका समजुतीबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती सर्वत्र आढळते. गाळा तापला, कामगार घामाघूम झाले की मालक सहानुभूतीने एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून देतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. एक्झॉस्ट पंखाही हवा बाहेरच फेकतो. आधीच हवेसाठी आसुसलेल्या खोलीत तो ड्रायरचा स्पर्धक बनतो. पंखा जोरदार असेल तर तो ड्रायरच्या डक्टमधून उलट हवा ओढू शकतो, आणि बंद असलेल्या ड्रायरच्या नळीतून बाहेरची दमट हवा व लिंट दुकानात परत येऊ लागते. मरोळच्या एका गाळ्याची पाहणी करताना मी हे स्वतः पाहिले. तेथे दोन ड्रायर होते आणि त्यांच्या डोक्यावर दोन एक्झॉस्ट पंखे. मालक सांगत होते की पंखे लावल्यापासून गॅसचे बिल का वाढले ते कळत नाही. त्यांच्या मुलाने, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, एका रविवारी पंखे उलटे बसविले, म्हणजे ते बाहेरची हवा आत ढकलू लागले. त्यानंतरच्या महिन्यात फेरीचा वेळ पूर्ववत झाला. पंखा उलटा बसविणे हा काही शास्त्रशुद्ध उपाय नव्हे, त्यासाठी योग्य क्षमतेचा आणि पाऊस रोखणारा पंखा निवडावा लागतो, परंतु दुखणे नेमके कोठे आहे ते त्या मुलाला बरोबर कळले होते.

पैशांच्या भाषेत हे असे दिसते. बारा तासांच्या दिवसात ४० मिनिटांच्या १८ फेऱ्या होतात. फेरी ६० मिनिटांवर गेली की त्याच वेळात १२ च होतात. तीन ड्रायर मिळून ३६ फेऱ्या. ४० मिनिटांच्या हिशेबाने दोन ड्रायरही ३६ फेऱ्या देतात. म्हणजे मालक तीन यंत्रांचे हप्ते भरतो, तीन यंत्रांना भाड्याची जागा देतो आणि दोन यंत्रांचे काम पदरात पाडून घेतो. अधिक वेळ चालणाऱ्या यंत्रात जळणारा गॅस, मजुरी आणि कपड्यांची झीज वेगळीच. हॉटेलच्या चादरी जास्त वेळ तापल्या की लवकर विरतात आणि नुकसानभरपाईची पत्रे सुरू होतात. कित्येकदा या टप्प्यावर मालक बँकेकडे चौथ्या ड्रायरसाठी कर्ज मागायला येतो. चौथा ड्रायर त्याच गाळ्यात बसविला की चारही यंत्रे अधिकच मंदावतात.

हे झाले तोट्याचे. याहून गंभीर भाग गॅसवर चालणाऱ्या यंत्रांचा आहे. गॅस नीट जळण्यासाठी हवा लागते. हवा अपुरी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. माणसाला वाटते उकाड्याचा त्रास होतो आहे, म्हणून तो तेथेच जरा आडवा होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने प्राण गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच हा वायू. लाँड्रीत आणखी एक धोका असतो : गरम पाण्याचा गॅस हीटर किंवा लहान बॉयलर त्याच गाळ्यात असेल, तर हवेसाठी तडफडणारा ड्रायर त्या हीटरच्या धुराड्यातूनच हवा खाली ओढतो. जो धूर वर जायचा तो खोलीत उतरतो. हीटर निर्दोष, ड्रायर निर्दोष, तरीही खोली विषारी.

आणि त्या खोलीत माणसे झोपलेली असतात. उपनगरांतील लहान उद्योगांचे हे वास्तव आपण सारे जाणतो. उत्तर प्रदेश, बिहार किंवा कोकणातून आलेली मुले दिवसा गाळ्यात काम करतात आणि रात्री त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणच्या एका दुकानात आग लागली आणि १२ कामगार मृत्युमुखी पडले. ती आग ड्रायरची नव्हती. परंतु आत झोपलेले कामगार, सहज सापडत नसलेली बाहेरची वाट आणि बंदिस्त जागेत कोंडलेला धूर हे चित्र लाँड्रीच्या गाळ्यात तसेच्या तसे जुळते. फरक एवढाच की लाँड्रीत रात्रीची पाळी चालू असेल तर यंत्रेही जागी असतात, आणि चोरीच्या भयाने किंवा पावसामुळे शटर खाली ओढलेले असते. गॅस ड्रायर चालू असताना शटर पूर्ण बंद करणे आणि पोटमाळ्यावर माणसे झोपविणे, या दोन्ही गोष्टी एकाच गाळ्यात एकाच वेळी असू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. यावर 'आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच चालते' हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे.

आगीचा विषय निघाला आहे तर लिंटबद्दलही सांगतो. वाळलेले तंतू हे उत्तम काडीपेटीचे गूल आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा अभ्यास करून सांगितले की तेथील घरांत दरवर्षी ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी लागतात आणि त्यांच्यामागील सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हे असते. ते घरगुती ड्रायर आठवड्यातून चार वेळा चालत असतील, आपल्या लाँड्रीतला दिवसातून पंधरा वेळा चालतो. जाळी प्रत्येक फेरीनंतर किंवा निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे साफ करणे, डक्ट ठरावीक काळाने उघडून झाडणे हे लाँड्रीच्या रोजच्या झाडलोटीइतकेच नित्याचे काम समजले पाहिजे. तेल मुरलेले मालिशचे टॉवेल आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातील फडकी यांचा धोका निराळा आहे. काही खाद्यतेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच तापतात. असे टॉवेल गरम असतानाच घडी करून ढीग रचला तर तो ढीग काही तासांनी आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून फेरीच्या शेवटी थंड हवेचा टप्पा पूर्ण होऊ द्यावा, घाई झाली म्हणून तो तोडू नये. आणि रात्रभर टॉवेल ड्रायरमध्ये तसेच कोंबून दुकान बंद करू नये.

ड्राय क्लीनिंग आणि लाँड्री एकाच छताखाली असेल, आणि मुंबईत ती बहुधा असतेच, तर आणखी एक दक्षता. ड्राय क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे पर्क्लोरोएथिलीन हे द्रावण ज्वलनशील नाही म्हणून लोक निश्चिंत असतात. परंतु त्याची वाफ ड्रायरच्या ज्योतीपर्यंत पोहोचली तर तिचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि फॉस्जीनसारखा घातक वायू तयार होतो. पहिला यंत्राचे पत्रे खातो, दुसरा माणसाची फुफ्फुसे. ड्रायरची हवा ड्राय क्लीनिंगच्या यंत्राजवळून येता कामा नये, मग त्यासाठी मधे भिंत घालावी लागली तरी चालेल.

मग भोक केवढे हवे? येथे अंदाजाने काम करण्याचे कारण नाही. प्रत्येक चांगल्या यंत्राच्या पुस्तिकेत किती हवा लागेल आणि हवेच्या वाटेचे क्षेत्रफळ किती असावे याचा आकडा छापलेला असतो. पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते, म्हणून विक्रेत्याकडून ती पुन्हा मागवावी. ढोबळ कल्पना यावी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय इंधन-वायू संहितेतील नियम सांगतो. व्यापारी वापराच्या गॅस ड्रायरसाठी त्याच्या उष्णताक्षमतेच्या प्रत्येक किलोवॉटमागे सुमारे २२ चौरस सेंटिमीटर मोकळी वाट किमान असली पाहिजे. ३५ किलोवॉटच्या एका ड्रायरला ७७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन. तीन ड्रायरना याच्या तिप्पट. हे किमान आहे, आणि हे क्षेत्रफळ 'मोकळे' असले पाहिजे. भोकावर पट्ट्यांची झडप बसविली की त्यातील बराच भाग पट्ट्यांनीच व्यापला जातो. धातूच्या झडपेतून ७५ टक्के आणि लाकडी झडपेतून केवळ २५ टक्के वाट मोकळी राहते असे ती संहिता गृहीत धरते. म्हणजे ७७० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट मिळविण्यासाठी धातूची झडप हजारांहून थोडी अधिक आणि लाकडी झडप तीन हजारांहून अधिक चौरस सेंटिमीटरची लागेल. त्यावर डासांची बारीक जाळी मारली तर ती महिन्याभरात लिंटने भरून जवळपास भिंतच होते. जाळी हवीच असेल तर मोठ्या छिद्रांची घ्यावी आणि ती हाताला येईल अशी बसवावी, म्हणजे झाडता येईल.

विजेच्या ड्रायरला ज्योत नसते म्हणून त्याला हवा कमी लागते असे कोणी समजू नये. पाणी वाहून नेण्याचे काम तेथेही हवेलाच करायचे असते. हीट पंप पद्धतीचे ड्रायर तीच हवा आतल्या आत फिरवून पाणी वेगळे काढतात, त्यांना बाहेर हवा फेकावी लागत नाही. ज्या गाळ्याला बाहेरची भिंतच नाही तेथे त्यांचा विचार अवश्य करावा. ते महाग असतात आणि एका फेरीला वेळही अधिक घेतात, हे आधी ध्यानात घ्यावे.

भोक कोठे पाडावे हा प्रश्न मात्र पुस्तिका सोडवीत नाही, कारण निर्मात्याने मुंबईचा गाळा पाहिलेला नसतो. इमारतीच्या आतल्या डकात, जेथे शौचालयांचे पाइप असतात, तेथून हवा घेऊ नये आणि तेथे हवा सोडूही नये. डकात सोडलेली दमट, तंतुमय हवा वरच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांत शिरते, भिंतींना ओल धरते, वातानुकूलन यंत्रांच्या बाहेरील भागांवर तंतूंचा थर बसतो आणि मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लाँड्रीवाला हा एकमेव विषय उरतो. ज्यांच्या घरात ही हवा शिरते त्यांची तक्रार रास्तच असते. हवा घेण्याची वाट आणि सोडण्याची वाट यांत निदान दहा फुटांचे अंतर ठेवण्याचा संकेत आहे, नाहीतर ड्रायर स्वतःचीच ओली हवा पुन्हा ओढत राहतो. गाड्या उभ्या राहण्याच्या जागेलगत किंवा जनरेटरच्या धुराड्याजवळ हवेची वाट ठेवणे म्हणजे विकतचे विष घेणे. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जमतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. महानगर गॅसची जोडणी असलेल्यांनी छतालगत आणि सिलिंडर वापरणाऱ्यांनी जमिनीलगतही एक वाट ठेवली तर गळती झाल्यास वायू कोंडून राहणार नाही. आणि दुकानाच्या दर्शनी भागात ग्राहकांसाठी वातानुकूलन असेल तर मध्ये पार्टिशन घालून ड्रायरचा भाग वेगळा करावा, एरवी विकत थंड केलेली हवा ड्रायर मिनिटाला १८ घनमीटर या वेगाने रस्त्यावर फेकीत बसतो.

भिंतीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आवर्जून. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. एक-दीड फुटाचे भोक आणि खांब काढणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. तरी जुन्या इमारतींत कोणती भिंत भार वाहते हे गवंड्याला विचारून ठरवायचे नसते. स्ट्रक्चरल इंजिनीअरचे लेखी मत आणि सोसायटीची लेखी परवानगी या दोन कागदांना फारसा खर्च येत नाही. भिंत फोडणे शक्यच नसेल तर शटरच्या वरच्या खोक्यातून किंवा दर्शनी काचेच्या वरील पट्टीतून वाट काढता येते, किंवा पत्र्याच्या डक्टमधून पंख्याने हवा आत आणता येते. अशा पंख्याची क्षमता सर्व ड्रायर मिळून फेकतात तेवढी असावी आणि त्याचे बटण ड्रायरशी जोडलेले असावे, म्हणजे पंखा बंद असताना ड्रायर सुरूच होणार नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर हा विषय नवा नाही. कारखान्यांत ताज्या हवेच्या वहनाची पुरेशी सोय असावी असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात म्हटले होते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत वस्तू धुणे व स्वच्छ करणे हीसुद्धा उत्पादनप्रक्रियाच मानली होती. आगीपुरते बोलायचे तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. गाळा भाड्याने दिला म्हणजे आपण मोकळे झालो, असा गाळामालकांचा समज असतो. तो त्यांनी वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा.

विम्याबद्दल दोन ओळी, कारण येथे व्यापारी माणूस हमखास फसतो. परंपरागत 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' पॉलिसीत असा अपवाद आहे की जी वस्तू तापविण्याच्या किंवा सुकविण्याच्या प्रक्रियेत आहे, त्या प्रक्रियेमुळे त्याच वस्तूचे झालेले नुकसान भरून मिळत नाही. ड्रायरमधले कपडे नेमके त्याच प्रक्रियेत असतात. शिवाय लाँड्रीतला माल आपला नसतो, ग्राहकाने विश्वासाने सोपविलेला असतो, आणि असा माल पॉलिसीत स्पष्टपणे नमूद केल्याखेरीज त्याला संरक्षण नसते. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी निघालेल्या पॉलिसींची शब्दरचना वेगळी आहे. तेव्हा कपाटातून आपली पॉलिसी काढून 'फायर' या शीर्षकाखालील मजकूर आणि अपवादांचे पान भिंग लावून वाचावे, एजंटाच्या तोंडी खुलाशावर राहू नये.

गाळा लाँड्रीला देताना भाडेकरारात हवेच्या वाटेचे कलम घालावे. वाट कोठे, केवढी, ती कोण पाडणार, गाळा सोडताना कोण बुजविणार आणि भाडेकरू ती मध्येच बंद करणार नाही, एवढे त्यात असले की पुरे. शेवटची अट विनाकारण घातलेली नाही. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाप्रमाणे आगप्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावयाचा असतो. जानेवारीत सारे ठीक दिसते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, आणि पहिल्या वादळी सरीला भोकातून पाणी आत आले की लाँड्रीतला मुलगा त्यावर प्लायवूड ठोकून मोकळा होतो. मग नेमक्या त्याच महिन्यांत, जेव्हा दोरीवर काहीच वाळत नाही आणि ड्रायर दिवसरात्र चालतात, हवेची वाट बंद असते. भोकावर बाहेरून उतरता पत्र्याचा छज्जा बसविला, त्याचे तोंड खाली ठेवले आणि आतल्या कडेला दोन इंचांचा उंबरठा बांधला, तर प्लायवूडची गरज पडत नाही. हे काम पत्र्याचा कारागीर अर्ध्या दिवसात करतो, आणि ते मे महिन्यात करून घ्यायचे असते.